स्ट्रॅप लावला की गिटारचा नेक खाली का जातो, आणि त्यावर काय करायचं

लक्षण ठरलेलं असतं. इलेक्ट्रिक गिटार गळ्यात घातली, डावा हात नेकवरून काढला, की हेडस्टॉक (नेकचं खुंट्यांकडचं टोक) सावकाश जमिनीकडे निघतो. नेक वर उचलायचा, चार कॉर्ड वाजवायच्या, पान उलटायला हात काढला की पुन्हा तेच. अर्ध्या तासाने डावा अंगठा भरून येतो, कारण ज्या हाताने फक्त तारा दाबायच्या त्याच हाताने नेकही तोलून धरायचा असतो. आणखी एक खूण म्हणजे शर्ट. स्ट्रॅप पाठीकडून छातीकडे सरकताना कापडही सोबत घेऊन येतो, त्यामुळे गाणं संपेपर्यंत डाव्या खांद्याची शिवण पुढे आलेली असते. (डावखुऱ्यांनी पुढे सगळीकडे डावं-उजवं उलट धरावं.)

याला ‘नेक डाइव्ह’ म्हणतात. बहुतेक लोक यावर पहिला उपाय म्हणून बॉडीच्या मागच्या टोकाला वजन बांधतात. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी करायचा उपाय आहे. का ते पुढे आकड्यांतच दिसेल.

आधी दोष कुठे आहे ते बघा

स्ट्रॅप नेहमीच्या उंचीवर ठेवून सरळ उभे राहा. नेक वाजवताना जसा वर तिरका धरता तसा धरा आणि दोन्ही हात सावकाश सोडा. डावा हात मात्र नेकखाली तयार ठेवा, नाहीतर हेडस्टॉक समोरच्या टेबलावर आपटेल. नेक जागच्या जागी राहिला तर गिटार ठीक आहे, तक्रार स्ट्रॅपच्या उंचीची किंवा उभं राहण्याच्या पद्धतीची असेल. आडवा होऊन थांबला तर दुखणं सौम्य आहे, बऱ्याचदा फक्त स्ट्रॅप बदलून भागतं. आडवा होऊनही न थांबता हेडस्टॉक थेट खाली बघायला लागला, तर दोष गिटारच्या रचनेतच आहे.

ही चाचणी शर्टाच्या कापडावर अवलंबून असते, म्हणून दुसरी एक करून बघा. पलंगावर टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवा, तिच्यावर गिटार पाठीवर आडवी ठेवा, म्हणजे गुंडाळी तारांना काटकोनात येईल. मग गिटार पुढे-मागे सरकवत जिथे ती दोन्ही बाजूंना सारखीच डुलते ती जागा शोधा. तिथे गिटारचा तोल आहे. जागेच्या खुणेसाठी सहज निघणारी कागदी चिकटपट्टी वापरा आणि काम झालं की लगेच काढा, विशेषतः जुन्या नायट्रो (नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या) फिनिशवरून.

आता ही खूण आणि पुढचं स्ट्रॅप बटण (नेकच्या बाजूला स्ट्रॅप अडकतो ती गुंडी) यांच्यात किती अंतर आहे ते बघा. तोल बटणापासून बॉडीकडे चांगला आत, चार बोटं किंवा जास्त असेल, तर रचना बरी आहे, स्ट्रॅप घसरतोय. तोल जवळजवळ बटणापाशीच किंवा बटणाच्याही पुढे नेकच्या बाजूला असेल, तर कितीही महागडा स्ट्रॅप घेतला तरी तो फक्त घसरण लांबवेल.

असं होतं का

हे तरफेचं साधं गणित आहे. पुढचं बटण टेकू धरा. त्याच्या एका बाजूला नेक, हेडस्टॉक आणि खुंट्या, दुसऱ्या बाजूला बॉडी. वजन किती याइतकंच ते टेकूपासून किती लांब आहे यालाही महत्त्व.

गिब्सनची एसजी हे याचं पाठ्यपुस्तकी उदाहरण. 1961 मध्ये गिब्सनने आपल्या लेस पॉल गिटारचं रूप पूर्ण बदलून ही पातळ, दोन शिंगांची महोगनी बॉडी आणली. बॉडी हलकी झाली, नेक बॉडीबाहेर जास्त निघाला आणि पुढचं बटण नेकच्या मुळाशी, मागच्या बाजूला गेलं. गिटारचा तोलही साधारण तिथेच, नेक बॉडीला मिळतो त्याच भागात पडतो. म्हणजे टेकू आणि तोल एकाच जागी, मग नेकला खाली जायला फार निमित्त लागत नाही. गिब्सनचीच 1963 ची थंडरबर्ड बेस गिटारही याच कारणासाठी ओळखली जाते, आणि बेसचा नेक लांब असल्याने तिथे त्रास आणखी.

याउलट फेंडरच्या 1951 च्या प्रिसिजन बेसचं आणि 1954 च्या स्ट्रॅटोकास्टरचं वरचं शिंग बघा. ते बाराव्या फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) आसपास पोचतं आणि बटण त्याच्या टोकावर असतं. दिसायला छान आहेच, पण तोल सांभाळायचं खरं काम ते शिंग करतं. टेलिकास्टरला आणि लेस पॉलला असं शिंग नाही, तरी त्या सहसा नेक टाकत नाहीत. त्यांची बॉडी भरीव आणि जड असते, ती मागून ओढून धरते. तेव्हा ‘बटण बाराव्या फ्रेटजवळ हवं’ हा नियम म्हणून घेऊ नका. शिंग आखूड आणि बॉडी हलकी, हे दोन्ही एकत्र आलं की मात्र सावध व्हा.

आजकाल हलक्या गिटारींची आवड वाढली आहे. आतून पोकळ केलेल्या बॉड्या, पाउलोनियासारखं फुलासारखं हलकं लाकूड. खांद्याला सुख, पण नेक तोच मेपलचा आणि खुंट्या त्याच जड धातूच्या. बॉडीतून काढलेलं वजन तोलाच्या नेमक्या उपयोगी बाजूनेच काढलेलं असतं. वजनकाट्यावर गिटार हलकी लागली म्हणून ती गळ्यातही हलकी लागेल असं नाही.

अजून एक गोष्ट सहसा कुणी लक्षात घेत नाही. स्ट्रॅप खांद्यावरून जातो आणि खांदा काही खिळा नव्हे. स्ट्रॅप पूर्ण गुळगुळीत असता तर चांगल्या तोलाची गिटारसुद्धा हळूहळू एका बाजूला कलंडली असती. प्रत्येक गिटार थोडीफार घर्षणावरच टिकून असते. तोल बिघडलेल्या गिटारला ते घर्षण जास्त लागतं, एवढाच फरक.

काही न खर्चता

हेडस्टॉकवर काय काय अडकवलेलं आहे ते आधी काढा. कॅपो (सूर चढवायला नेकवर लावायचा चिमटा) वापरत नसताना तो हेडस्टॉकला चिमटून ठेवायची सवय फार जणांना असते. धातूचा कॅपो अगदी सहज 60-70 ग्रॅमचा असतो, आणि तो लावलेला असतो गिटारच्या सगळ्यात वाईट जागी. क्लिप-ऑन ट्यूनर त्यामानाने हलका, पण सूर लावून झाला की तोही खिशात जाऊ दे. सौम्य दुखणं कधी कधी एवढ्यानेच जातं.

मग स्ट्रॅप थोडा आखूड करा. गिटार पोटाच्या वरच्या भागाशी आली की उजव्या हाताचा कोपराखालचा भाग बॉडीच्या वरच्या कडेवर आपोआप टेकतो आणि मागच्या बाजूला दाब देतो. गिटार मांडीपर्यंत सोडून वाजवणाऱ्यांचा हात फक्त टोकाने तारांपर्यंत पोचतो, बॉडीवर त्याचा भार पडतच नाही. दिसण्याची हौस असेल तर खुशाल करा, पण मग नेक पडतो म्हणून गिटारला दोष देऊ नका. मात्र हाताने दाबून धरणं हा कायमचा उपाय नव्हे. उजवा हात गिटार धरण्यात गुंतला की स्ट्रमिंग ताठर होतं आणि हात ब्रिजकडे सरकवायचा म्हटला तरी तोल जातो.

तिसरी युक्ती अकूस्टिक गिटारवाल्यांकडून घेतलेली. स्ट्रॅपचं पुढचं टोक बटणातून काढा आणि मजबूत नाडीने हेडस्टॉकला, नटच्या (नेकच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीच्या) अगदी मागे, तारांच्या खालून बांधा. नाडीचा ताण तारांवर किंवा खुंट्यांवर येता कामा नये. नेक पडणं तिथल्या तिथे थांबतं, कारण टेकूच नेकच्या टोकाला गेला. कायम असं ठेवायला मला आवडत नाही. स्ट्रॅप डाव्या हाताच्या मनगटापाशी लुडबुडतो, पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवरच्या कॉर्ड धरताना अंगठ्याला अडतो, आणि गिटारचा भार नेकच्या टोकाला आल्यामुळे पातळ नेक किंचित वाकून सूर हलू शकतो. पण एकही भोक न पाडता तुम्हाला कळतं की पुढचं बटण पुढे नेलं तर काय फरक पडेल. ड्रिल हातात घ्यायच्या आधी ही चाचणी कराच.

स्ट्रॅप

नायलॉनचे गुळगुळीत पट्टे, विशेषतः सीट-बेल्टसारख्या विणीचे, नेक पडणाऱ्या गिटारला अजिबात लावू नका. हवा तो 7-8 सेंटिमीटर रुंद आणि अंगाकडची बाजू खरखरीत स्वेड चामड्याची असलेला पट्टा. घेताना उलटा करून बघा. बऱ्याच पट्ट्यांवर स्वेड फक्त वरच्या, दिसणाऱ्या बाजूला असतं आणि आत गुळगुळीत अस्तर. अंगठ्याने रेटून बघा, बोट अडखळलं पाहिजे.

आवडता पट्टा सोडवत नसेल तर खांद्यावर येणाऱ्या भागाला आतून फूटभर स्वेडचा तुकडा शिवून घ्या. फक्त तो तुकडा मध्यापासून थोडा पाठीकडे सरकवा, कारण पट्टा छातीकडे घसरतो आणि पाठीकडचा भाग खांद्यावर येतो. भांड्यांच्या फळीवर घालतात ती जाळीदार न सरकणारी शीट शिवूनही काम होतं. पण रबर किंवा प्लास्टिकची कुठलीही वस्तू नायट्रो फिनिशला लागून ठेवू नका. असा पट्टा गिटारला गुंडाळून केसमध्ये ठेवला तर काही दिवसांत फिनिशवर डाग पडतो, क्वचित ते मऊही पडतं.

खरखरीत पट्ट्याची मर्यादा पण माहीत असू दे. तो तोल सुधारत नाही, घसरू देत नाही एवढंच. सुती शर्टावर झकास चालणारा पट्टा जॅकेटवर किंवा सॅटिनच्या पोशाखावर साफ हरतो. आणि दुखणं मोठं असेल तर पट्टा घसरत नाही पण शर्टच ओढला जातो, मानेला कॉलर काचते.

बटण हलवणं

रचनेतच दोष असेल तर मी सगळ्यात आधी हाच उपाय सुचवेन. आकडे बघा. गिटारचं वजन 3.2 किलो धरू. पुढचं बटण नेकच्या मुळापासून शिंगाकडे फक्त 5 सेंटिमीटर सरकवलं, तर अख्ख्या गिटारचं वजन टेकूपासून 5 सेंटिमीटर बॉडीकडे गेल्यासारखं होतं. म्हणजे 3200 गुणिले 5, 16,000 ग्रॅम-सेंटिमीटर. हाच परिणाम पासंग, म्हणजे जादा वजन, लावून साधायचा तर मागचं टोक बटणापासून साधारण 30 सेंटिमीटर लांब असतं, तेव्हा 16,000 भागिले 30. अर्धा किलोहून जास्त वजन! एका स्क्रूच्या भोकात जे होतं त्यासाठी अर्धा किलो शिसं गळ्यात घालायचं कशाला?

एसजीसारख्या गिटारला नवी जागा म्हणजे वरच्या शिंगाची मागची बाजू, टोकापासून थोडं आत. तिथे लाकूड पातळ आहे आणि कडा उतरत्या आहेत, त्यामुळे आधी जाडी मोजा आणि स्क्रू त्याहून निदान 6-7 मिलिमीटर आखूड निवडा. मूळ बटणाचा स्क्रू लांब असतो, तो तसाच घातला तर समोरून टोक बाहेर येईल. जागा ठरवताना वरच्या फ्रेटवर हात नेऊन बघा, बटण तळव्याला लागतं का. गिटार हार्ड केसमध्येही ठेवून बघा. घट्ट साच्याच्या केसमध्ये शिंगामागे नवं बटण बसत नाही आणि झाकण दाबून लावलं तर भार नेकवर येतो.

भोक पाडताना: जागेवर चिकटपट्टी लावा म्हणजे फिनिशचा कपचा उडणार नाही. दाभणाने मधोमध टोचा. ड्रिल बिट स्क्रूच्या मधल्या दांड्याएवढं, आट्यांपेक्षा बारीक घ्या. बिट आणि स्क्रू एकामागे एक धरून उजेडात बघितलं की बिटाच्या दोन्ही बाजूंना फक्त आटे दिसले पाहिजेत. खोलीसाठी बिटावर चिकटपट्टीची निशाणी करा आणि निशाणी लाकडाला टेकली की थांबा. फिनिशच्या थराएवढं भोक तोंडाशी किंचित रुंद करा, नाहीतर स्क्रू आवळताना तिथून केसासारखी चीर निघते. स्क्रूच्या आट्यांना मेण किंवा साबण घासा आणि शेवटचे फेरे हाताने द्या. बटणाखाली फेल्टची चकती.

जुनं बटण आहे तिथेच राहू द्या. उद्या विचार बदलला तर उपयोगी पडेल. काढायचंच असेल तर भोकात वुड ग्लू लावलेली कठीण लाकडाची काडी ठोकून वरून छाटा.

एक अपवाद आहे. गिटार जुनी, मूळ अवस्थेतली आणि संग्राहकांच्या दृष्टीने मोलाची असेल तर एकही नवं भोक पाडू नका. तिथे पट्टा आणि खुंट्या यांवरच थांबा. खुंट्याही मूळच्या जपून ठेवा.

मागचं बटण वरच्या कडेकडे थोडं सरकवल्यानेही थोडा फायदा होतो. दोन्ही बटणांना जोडणारी रेषा वर जाते, तोल तिच्या खाली लोंबतो आणि गिटार स्थिर राहते. पण पुढच्या बटणाच्या मानाने हा फायदा किरकोळ. त्यासाठी नवं भोक पाडावं असं मला वाटत नाही.

खुंट्या

हेडस्टॉकवरच्या वजनाचा हिशेब वेगळा असतो, कारण ते सगळ्यात लांब असतं. बंद डाय-कास्ट खुंटी एक साधारण 40 ग्रॅमची, सहा मिळून 240. हलक्या, उघड्या गिअरच्या किंवा प्लास्टिक बटणांच्या खुंट्यांचा संच 150 ग्रॅमच्या आसपास मिळतो. 90 ग्रॅम वाचले. एसजीसारख्या गिटारवर खुंट्या नेकच्या मुळापासून सरासरी 55 सेंटिमीटरवर असतात, म्हणजे 90 गुणिले 55, जवळपास 5,000. मागच्या टोकाला हाच परिणाम साधायला 165 ग्रॅम लागतील. एका उपायात गिटार 90 ग्रॅमने हलकी होते, दुसऱ्यात 165 ने जड. खांद्याला विचाराल तर उत्तर उघड आहे. बेसवर तर फरक आणखी मोठा, कारण जुन्या धाटणीच्या मोठ्या खुंट्या एकेक 100 ग्रॅमपर्यंत जातात आणि अॅल्युमिनियमच्या हलक्या खुंट्या त्याच्या निम्म्याच भरतात.

मागवायच्या आधी एक जुनी खुंटी काढून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला. जाहिरातीत ‘हलक्या’ म्हटलेल्या पुष्कळ खुंट्या तुमच्याच जुन्या खुंट्यांइतक्या निघतात. भोकाचा व्यासही मोजा. आधुनिक बंद खुंट्यांना सुमारे 10 मिलिमीटरचं भोक लागतं, जुन्या धाटणीच्यांना त्याहून बारीक. मोठ्या भोकात बारीक खुंटी बसवायला जोड-बुशिंग मिळतात. उलट करायचं तर भोक रुंद करावं लागतं, ते काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्या.

हेडस्टॉकचं वजन बदललं की काही सूर आधीपेक्षा लवकर विझतात, काही जास्त टिकतात. बेसवर हे स्पष्ट जाणवतं. बिघाड समजून घाबरू नका, पण खुंट्या बदलल्यावर प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवून बघा.

आणि शेवटी पासंग

वरचं काहीच शक्य नसेल तेव्हाच. आधी काम करणारं वजन शोधा. वायरलेस वाजवत असाल तर ट्रान्समीटर कमरेला न लावता स्ट्रॅपच्या मागच्या भागावर, शक्य तितका बटणाजवळ अडकवा. एसजीवर टेलपीस (तारांची मागची टोकं अडकतात तो भाग) बदलायचीच असेल तर बिग्सबीसारखं धातूचं व्हायब्रॅटो (दांड्याने सूर हलवायची यंत्रणा) घेतल्यावर तोल बराच सुधारतो, ते वजन आधीच मागच्या बाजूला बसतं.

निव्वळ वजनच लावायचं ठरलं तर आधी किती लागतं ते बघा. मागच्या बटणाला कापडी पिशवी बांधा, तिच्यात नट-बोल्ट किंवा नाणी टाकत जा, आणि हात सोडल्यावर नेक थांबला की पिशवी तोला. 200 ग्रॅमच्या आत भागलं तर ठीक, त्याहून जास्त लागत असेल तर बटण हलवण्याचा विचार पुन्हा करा. कंट्रोलच्या खोबणीत वजन ठेवणार असाल तर ते इन्सुलेशन टेपमध्ये पूर्ण गुंडाळून पक्कं चिकटवा. सुटा धातू आत हलला तर वायरींना लागून शॉर्ट होईल आणि ऐन वाजवताना आवाज बंद पडेल. शिसं वापरलं तर त्यालाही गुंडाळा, हाताळल्यावर हात धुवा.

नवी गिटार घेताना ती बसून वाजवून बघायची पद्धत आहे. मांडीवर ठेवलेली गिटार याबाबतीत काहीच सांगत नाही, किंवा थोडंच सांगते. स्वतःचा पट्टा सोबत न्या, उभे राहा, हात सोडा. दुकानदाराला विचित्र वाटलं तरी चालेल. आणि पुढचं बटण हलवलेलं असो वा नसो, त्याचा स्क्रू तारा बदलताना दर वेळी आवळून बघत जा. नेक जड असलेल्या गिटारमध्ये सगळा झटका त्याच स्क्रूवर येतो, आणि तो सैल झाला की आधी बटण किंचित फिरायला लागतं, मग एक दिवस स्क्रू अख्खा उपटून येतो.